बांगडीतला फुगा : स्तनांच्या वाढीतला एक अडसर आणि त्यावरील शस्त्रक्रिया

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत उदगीरला घरी गेले होते. आमच्या गल्लीतल्या एक बाई माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. त्या संध्याकाळी येऊन बसल्या. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले, तरी त्या उठेनात. शेवटी आई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही संशोधन करता म्हणून विचारते. आमच्या दहावीत एक पोरगी आहे. खो-खोत पहिली. पण चार-सहा महिने झाले, मैदानावर येईना झाली. खोदून खोदून विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, बाई, माझी छाती बाकीच्या मुलींसारखी नाही. एक बाजू वाढली, ती नळीसारखी पुढं आली. दुसरी वाढलीच नाही म्हणा ना. तिच्या आईनं कुठलं तरी तेल आणलंय, ते रोज चोळायला लावते. लेकराला काय सांगू मी?"

मी शल्यचिकित्सक नाही. माझे काम प्रयोगशाळेत, संयोजी ऊतींवर, म्हणजे शरीरातले अवयव जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या धाग्यांवर आणि पापुद्र्यांवर चालते. पण बाईंचे वर्णन ऐकताना लक्षात आले की या मुलीचा प्रश्न बहुधा माझ्याच विषयातला, एका पापुद्र्याचा असावा. नंतर वाचन केले, प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या मित्रमैत्रिणींना विचारले आणि बाईंना एक लांबलचक पत्र लिहिले. हा लेख म्हणजे त्या पत्राचाच विस्तार. (मुलीची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.)

सुरुवात गर्भापासून करू या. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना त्याच्या दोन्ही अंगांना काखेपासून जांघेपर्यंत त्वचेची एक जाडसर रेघ दिसते. तिला दुग्धरेषा म्हणतात. कुत्री, मांजर, डुक्कर यांच्यात या रेषेवर ओळीने स्तनाग्रे तयार होतात. माणसात छातीवरचा एक छोटा भाग सोडून बाकीची रेषा विरून जाते. कधी कधी ती पूर्ण विरत नाही आणि काखेत किंवा पोटाच्या वरच्या बाजूला तिळासारखे जादा स्तनाग्र राहते. असा 'तीळ' तुमच्याही परिचयातल्या कुणाला असेल. छातीवर जो भाग उरतो तिथे बाह्यत्वचेच्या पेशी कोंबासारख्या आत शिरतात आणि त्या कोंबाला फाटे फुटतात. हेच पुढे दुधाच्या नळ्यांचे जाळे होते. ग्रंथी खोलातून वर येत नाही, ती वरून, त्वचेतून आत उतरते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जन्मानंतर हे जाळे मुलगा आणि मुलगी दोघांतही निपचित असते. मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढते, स्तनाग्राखाली सुपारीएवढी दुखरी गाठ लागते आणि तिथून वाढ सुरू होते. ही वाढ पुरी व्हायला चार-पाच वर्षे, क्वचित त्याहूनही जास्त लागतात. दोन्ही बाजू एकाच वेळी आणि एकाच वेगाने वाढतात असे मुळीच नाही. एका बाजूने आधी आघाडी घेणे इतके नेहमीचे आहे की त्याला दोष म्हणता येणार नाही. दोन्ही स्तन अगदी तंतोतंत सारखे असलेली स्त्री शोधूनच काढावी लागेल.

आता पापुद्र्याकडे वळू. मटण साफ करताना मांसावरचा पांढुरका, चिवट पापुद्रा ज्यांनी पाहिला असेल त्यांना प्रावरण म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. माणसाच्या त्वचेखालच्या चरबीतही असा एक थर असतो. छातीवर त्याचे दोन पदर होतात, एक ग्रंथीच्या मागे आणि एक पुढे. ग्रंथी या दोन पदरांमध्ये पिशवीत ठेवल्यासारखी बसते. पण स्तनाग्राभोवती जे गडद रंगाचे वर्तुळ असते, ज्याला स्तनमंडल म्हणतात, त्याच्या खाली पुढचा पदर नसतो. का नसतो? ग्रंथी त्याच जागेतून आत उतरली होती ना! ते तिचे दार आहे.

एरवी या दाराला काही महत्त्व नाही. वाढणारी ग्रंथी चहूबाजूंना पसरते, खालची त्वचा ताणते आणि स्तनाला गोलाई येते. परंतु काही मुलींमध्ये दाराभोवती आणि स्तनाच्या तळाशी कोलॅजेनच्या तंतूंचा एक आवळ पट्टा असतो. वाढ सुरू होते, पण पसरायला वाव मिळत नाही. विशेषतः खाली आणि आतल्या बाजूला अडसर जास्त असतो. मग ग्रंथी, जिथे पदरच नाही त्या दारातून पुढे सरकते. स्तनाचा तळ अरुंद राहतो, खालची घडी जितकी खाली असायला हवी तितकी उतरत नाही, वरच राहते, स्तनमंडल ताणून मोठे आणि फुगीर होते, आणि एकूण आकार गोल न दिसता नळीसारखा दिसतो. दोन्ही बाजूंना पट्टा सारखाच आवळ असतो असे नाही, त्यामुळे दोन बाजूंत ठळक फरक पडतो.

हे वर्गात सहज दाखवता येते. प्लास्टिकची एक लहान बांगडी घ्या. न फुगवलेला फुगा तिच्यातून ओवा आणि मग फुगवा. बांगडी फुग्याच्या मध्यावर येईल असे पाहा. फुग्याला कंबर पडते आणि बांगडीच्या पुढे एक टेंगूळ येते. आता आणखी हवा भरा. कंबर सुटते का? नाही, ती अधिकच उठून दिसते. बांगडी कापली की मात्र फुगा क्षणात गोल होतो. (कात्री फुग्याला लागू देऊ नका. मी दोन फुगे फोडले आहेत.) स्तनाचे नाव न घेताही हा प्रयोग दाबाचा आणि आकाराचा म्हणून करता येईल, पण नाव घेतले तर बरे, असे मला वाटते. आमच्या वेळी प्रजननाचा पाठ आला की सर म्हणायचे, "हा घरी वाचा." घरी तो कुणीच वाचला नाही.

या आकाराचे वर्णन १९७६ साली रीस आणि ॲस्टन या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी केले आणि त्याला 'ट्यूबरस' हे विशेषण लावले. ट्यूबर म्हणजे कंद. आपण कंदाकार स्तन म्हणू. नाव काही फार दयाळू नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांना बटाट्याशी साम्य कुठे दिसणार, हाही प्रश्नच आहे. पण नाव मिळाल्याचा एक फायदा झाला. ज्याला नाव आहे ते कुणीतरी आधी पाहिले आहे आणि त्यावर विचार झाला आहे, एवढे तरी कळते. बाईंनी नंतर सांगितले की पत्रातली हीच गोष्ट त्या मुलीला सर्वांत मोठी वाटली.

तीव्रतेनुसार याचे प्रकार पाडतात. १९९६ मध्ये जर्मनीतल्या फॉन हाइमबुर्ग यांनी चार, तर १९९९ मध्ये फ्रान्समधल्या ग्रोलो यांनी तीन प्रकार सुचवले. स्तनाचे मनाने चार भाग पाडायचे. फक्त खालचा आतला भाग अपुरा असेल तर ते सौम्य. खालचे दोन्ही भाग अपुरे असतील तर मध्यम. चारही भाग आखडलेले असतील तर तीव्र. खालची त्वचा पुरेशी आहे की तीही कमी आहे, हेही पाहावे लागते. हे प्रकार परीक्षेला विचारण्यासाठी नाहीत. कोणती शस्त्रक्रिया करायची ते यावरून ठरते, म्हणून सांगितले.

पट्टा मूळ कारण आहे की ग्रंथीच्याच अपुऱ्या वाढीचा तो परिणाम आहे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. शस्त्रक्रियेत सापडणारा पट्टा मात्र खरा असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले कोलॅजेनचे तंतू दाट दिसतात. तेल हे त्वचेवर लावायचे, पट्टा त्वचेच्या खाली. तेलाने कोलॅजेन सैल होत नाही. व्यायामाने छातीचा स्नायू बळकट होतो, पण तो ग्रंथीच्या मागे असतो, त्याचा पट्ट्याशी संबंध नाही. जाहिरातीतल्या गोळ्यांचेही तेच. अशा बहुतेक मुलींना पाळी नियमित येत असते, संप्रेरकांची काही कमतरता नसते. अडचण जागेची आहे. घट्ट कपडे घातले म्हणून, लहानपणी पडली म्हणून, किंवा आईने गरोदरपणी अमुक खाल्ले म्हणून हे होत नाही. हा आजार नाही, आणि ही कर्करोगाची पूर्वखूणही नाही.

दूध मात्र काही जणींना कमी येते. ज्यांच्यात ग्रंथीचीच ऊती अपुरी असते त्यांना बाळंतपणानंतर बाळाला पुरेल इतके दूध येत नाही, मग त्या कितीही वेळ पाजत बसोत. आपल्याकडे अशा बाईला काय काय ऐकून घ्यावे लागते ते मी सांगायला नको. "अंगावर पाजायचा कंटाळा" हा त्यातला सौम्य शेरा. कारण आधी माहीत असेल तर बाळाच्या वजनावर पहिल्या आठवड्यापासून लक्ष ठेवता येते आणि वरचे दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर सुरू करता येते. अनेक जणींना पुरेसे दूध येतेही, म्हणून आधीच हार मानू नये.

शस्त्रक्रिया : आधी बांगडी, मग फुगा

या शस्त्रक्रियेचे तर्कशास्त्र फुग्याच्या प्रयोगात आलेच आहे. नुसते भरून उपयोग नाही. सुरुवातीच्या काळात काही शल्यचिकित्सकांनी अरुंद स्तनामागे सिलिकोनची पिशवी ठेवून पाहिली, तेव्हा खाली नवी गोलाई आली, पण जुनी घडी मधोमध तशीच राहिली. एकावर एक दोन बुडबुडे असावेत तसे दिसू लागले. म्हणजे आधी पट्टा मोकळा करायला हवा.

त्यासाठी बहुतेक वेळा स्तनमंडलाच्या कडेने छेद घेतात, कारण गडद आणि फिकट त्वचेच्या सीमेवरचा व्रण फारसा उठून दिसत नाही. तिथून आत जाऊन ग्रंथीच्या खालच्या भागात चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देतात, पट्टा तुटतो आणि आखडलेली ऊती पंख्यासारखी उलगडते. २००३ मध्ये अथेन्सच्या मांद्रेकास यांनी पट्टा खालच्या बाजूला उभा, मधोमध कापण्याची पद्धत मांडली. त्यात ग्रंथीचे दोन खांब होतात आणि ते गरजेप्रमाणे सैल सोडतात किंवा एकमेकांवर चढवतात. त्याआधी १९९० मध्ये पकेट यांनी ग्रंथीचा मागचा भाग उलगडून खाली आणण्याची युक्ती सांगितली होती. गुंडाळलेली चटई उलगडावी तशी. त्याच वेळी ताणलेले स्तनमंडल लहान करतात आणि स्तनाखालची घडी तिच्या योग्य जागी उतरवतात.

ग्रंथीचा तुकडा असा वळवून दुसरीकडे न्यायचा तर त्याला रक्त मिळत राहिले पाहिजे, नाहीतर तो काळा पडून मरतो. म्हणून त्याचा एक देठ मूळ जागेला जोडलेला ठेवतात. अशा जोडलेल्या तुकड्याला शल्यचिकित्सक फ्लॅप म्हणतात. फ्लॅपचा सर्वांत गाजलेला दाखला आपल्या पुण्याचा आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा बैलवाला टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो नाकाशिवाय राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून माप घेतले, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्या आकाराची त्वचा सोडवली, पण दोन भुवयांच्या मधला देठ तसाच ठेवला, आणि ती त्वचा पिळून खाली वळवली. साधारण पंचविसाव्या दिवशी, त्वचा नव्या जागी रुजल्यावर, देठ कापला. हे शस्त्रकर्म मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिले आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये त्याची हकीगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली जिवंत रुग्णावर हीच शस्त्रक्रिया केली. ज्या हातांनी कावसजीचे नाक घडवले त्यांच्या मालकाचे नाव मात्र त्या हकिगतीत नाही.

'प्लास्टिक' सर्जरी म्हणजे शरीरात प्लास्टिक घालणे, अशी मुलांची (आणि कधी कधी मोठ्यांचीही) समजूत असते. हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ घडवणे. मातीला आकार द्यावा तसे. वीट पाडणाऱ्या माणसाचा हात त्या अर्थाला अगदी चपखल बसतो.

पट्टा सोडवून, ग्रंथी पसरूनही आकारमान कमी पडत असेल तर भर घालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सिलिकोनची पिशवी. ती पहिल्यांदा १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला वापरली गेली. आकार लगेच मिळतो, हा तिचा गुण. पण ती जन्मभर टिकते असे समजू नये. काही वर्षांनी फाटू शकते, तिच्याभोवती शरीर जो पापुद्रा तयार करते तो आवळला जाऊ शकतो, आणि मग पुन्हा शस्त्रक्रिया. २०१० मध्ये फ्रान्समधल्या एका कंपनीने वैद्यकीय दर्जाचे नसलेले सिलिकोन वापरल्याचे उघड झाले. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या लसिकापेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध दिसल्यामुळे जगभरातून परत घेण्यात आल्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीपुढे साठ वर्षांचे आयुष्य असते, हे लक्षात घेऊनच पिशवीचा विचार करावा. त्वचाच अपुरी असेल तर आधी एक तात्पुरती रिकामी पिशवी ठेवतात आणि काही आठवडे टप्प्याटप्प्याने तिच्यात मिठाचे निर्जंतुक पाणी भरत जातात. गरोदरपणात पोटाची त्वचा हळूहळू वाढते, तसेच हे.

दुसरा मार्ग स्वतःच्याच चरबीचा. पोट किंवा मांडीतून चरबी शोषून घेतात, स्वच्छ करतात आणि बारीक नळीने थोडी थोडी करून स्तनात पेरतात. पट्टा आवळ असेल तर त्वचेतून सुई घालून तो जागोजागी छेदतात, म्हणजे मोठा छेद लागत नाही. बाहेरची वस्तू शरीरात राहत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण पेरलेल्या चरबीतला बराच भाग रक्त न मिळाल्यामुळे शोषला जातो, म्हणून दोन-तीन खेपा कराव्या लागतात. आणि मुलगी अगदी सडपातळ असेल तर आणायची चरबी कुठून? सौम्य आणि मध्यम प्रकारांत हा मार्ग अलीकडे बऱ्याच ठिकाणी वापरतात. मला विचाराल तर, जिथे चालण्यासारखा असेल तिथे तो आधी तपासावा.

काही वेळा लहान बाजू वाढवण्यापेक्षा मोठी बाजू थोडी कमी करणे सोपे पडते. एकाच मुलीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या पद्धती वापराव्या लागतात, असेही घडते.

स्तनमंडलाच्या कडेने छेद घेतला की दुधाच्या काही नळ्या आणि संवेदनेचे काही तंतू दुखावण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेमुळे दूध वाढत नाही, कारण ग्रंथी नव्याने तयार होत नाही, असलेलीच पसरते. हे आधी विचारून घ्यावे. काहीच न करणे हाही एक पर्याय आहे. एका बाजूला आतून मऊ भर लावलेली नीट मापाची ब्रा घातली की कपड्यांवरून फरक कळत नाही, आणि अनेक जणी तेवढ्यावर समाधानी राहतात.

घाई कशी नको, तेही सांगते. वाढ चालू असताना केलेली शस्त्रक्रिया पुढच्या वाढीने बिघडते. म्हणून सहसा वाढ थांबेपर्यंत, म्हणजे साधारण अठरा वर्षांपर्यंत थांबतात, आणि कायद्याच्या दृष्टीनेही मग संमती मुलीची स्वतःची असते. मात्र डॉक्टरांना दाखवायला इतकी वर्षे थांबायचे कारण नाही. एका बाजूला वाढीची सुरुवातच नसेल तर छातीचा स्नायूही तिथे अपुरा आहे का ते पाहावे लागते. वेगळी गाठ लागत असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल तर तो प्रश्न वेगळा, आणि तो लगेच तपासायचा. शिक्षकांनी स्वतः पाहणी करण्याचा विचारही करू नये. ऐकून घ्यावे, आईशी बोलावे, डॉक्टरांकडे पाठवावे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे निघाली. आपल्या राज्यात त्यांना 'मैत्री' असे नाव आहे. सुरुवात तिथून करता येते.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे श्रीमंतांचे काम, असे गावाकडे धरून चालतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ सालीच या शाखेचा स्वतंत्र विभाग उभा केला होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोगाने बिघडलेले हात आणि चेहरे घडवण्यात आयुष्य घालवले. मुंबईच्या केईएम आणि शीव रुग्णालयांत असे विभाग आहेत. उदगीरहून बीदरमार्गे रेल्वेने हैदराबादला जाणाऱ्यांना उस्मानिया रुग्णालय आहे.

बाईंच्या त्या मुलीला तिची आई शेवटी शहरातल्या एका प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेली. त्यांनी मध्यम प्रकार सांगितला, तेल बंद करायला लावले, तूर्त काही करू नका, दोन वर्षांनी या, असे म्हणून पाठवले. फी देऊन 'काही करू नका' ऐकायला मिळाले, म्हणून आई थोडी नाराज होती. मुलीने मात्र डॉक्टरांना एकच विचारले, "पळायला चालेल ना?" आता ती बारावीला आहे. शस्त्रक्रिया करायची की नाही हे अजून तिने ठरवलेले नाही, असे बाई परवा फोनवर सांगत होत्या.